कुठल्या बाजूला

"डावीकडचं कधी बसवलंत?" सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि विचारताना त्यांची नजर पडद्यावरून हललीसुद्धा नाही. चष्मा कधी लागला, दाढ कधी काढली, असं विचारावं तितक्या सहज विचारलं. तो उताणा पडला होता. पँट गुडघ्यांशी, मांड्यांमध्ये घडी घातलेला टॉवेल, त्यावर चिकट गार जेल, पायांवर कागदी चादर. अशा अवस्थेत माणसाला कुणी काहीही विचारलं की तो आधी हो म्हणून मोकळा होतो. तोही झाला. मग त्याने विचारलं, काय बसवलं? बाई थांबल्या. आता त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग कागदावरच्या वयाकडे पाहिलं, सत्तावीस, आणि पडदा थोडा त्याच्या बाजूला वळवला. आधी उजवीकडचं दाखवलं: करड्या रंगाचा एक गोल, आत बारीक रवाळ दाणा, आणि बटण दाबल्यावर त्यात लाल-निळे ठिपके लुकलुकायला लागले. हे रक्त, त्या म्हणाल्या. मग हातातलं यंत्र डावीकडे सरकलं. तिथे एक काळा गोल होता, गुळगुळीत कडेचा, आत काही म्हणजे काही नाही. बटण दाबलं तरी काही लुकलुकलं नाही. "हे सिलिकॉनचं आहे," बाई म्हणाल्या. "चांगलं बसवलंय. तुम्हाला माहीत नव्हतं?"

कागदी रुमालाने पुसून त्याने पँट चढवली, बटण चुकीच्या काजात घातलं, काढून परत घातलं. बाई टाइप करता करता बोलत होत्या, आणि बोलत होत्या ते डावीकडच्याबद्दल नव्हेच. डावीकडचं त्यांच्या लेखी संपलं होतं. उजवीकडची नळी पिळवटते, आपोआप सुटते, पुन्हा पिळवटते. आत्ता रक्त वाहतंय, पण पुढच्या खेपेला पीळ सुटला नाही तर हातात सहा तास असतात, फार तर. दोन असती तर मी तुम्हाला इतकं घाबरवलं नसतं, असंही त्या म्हणाल्या. वरच्या मजल्यावर सर्जन बसतात, घरी न जाता थेट वर जा, काही खाऊ नका, पाणीसुद्धा पिऊ नका. त्याने मान डोलावली, आभार मानले, दार हळू लावून घेतलं. जिना चढताना तो पाय फाकवून, एकेक पायरी जपून चढत होता, काठोकाठ भरलेली बादली नेतात तसा.

आता यातली गंमत अशी, की हा माणूस कवळ्या बनवून पोट भरतो. खिडकीजवळचं टेबल त्याचं. समोर मेणाची वाटी, स्पिरिटचा दिवा आणि दातांच्या सोळा छटांची पट्टी. दंतवैद्य मंडळी तोंडाची मापं पाठवतात, हा त्यावर हिरडी उभी करतो, दात लावतो, घासतो, चकाकी आणतो आणि मग त्यातली थोडी घालवतो, कारण खऱ्या दातांना एवढी चकाकी नसते. एका निवृत्त न्यायाधीशांच्या कवळीत खालचे दोन दात त्याने मुद्दाम वाकडे बसवले होते, पूर्वी होते तसे, आणि त्यांच्या सुनेलाही फरक कळला नव्हता. रस्त्याच्या पलीकडे कुणी हसलं तर कुठला दात स्वतःचा आणि कुठला बसवलेला हे तो चालता चालता सांगायचा. लॅबमध्ये त्याच्या शेजारी बसणाऱ्याला सगळे प्लास्टर म्हणत, कारण साचे ओतून ओतून त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. तो यावर चहाची पैज लावायचा आणि दर वेळी हरायचा. आणि असा हा पट्टीचा जाणकार बारा वर्षं रोज साबण लावून एक नकली वस्तू धूत होता. जिन्याच्या वळणावर त्याला हसू आलं. हसताना उजवीकडे कळ उठली, तेव्हा तो कठड्याला धरून थांबला.

कळ तशी ओळखीची झाली होती. चार महिन्यांपूर्वी, भर कामात, हातात पातळ मेण असताना पहिल्यांदा आली: उजव्या गोटीतून निघाली, पोटात चढली, कपाळाला घाम फुटला, आता ओकतो असं झालं, आणि पाऊण तासाने आली तशी गेली. प्लास्टरला सांगावं लागलं, कारण मेण त्याच्या टेबलावर सांडलं होतं. प्लास्टरकडे सगळ्याचं निदान तयार. तंग पँट. सायकलची सीट. दिवसभर बूड टेकून बसणं. भट्टीची धग. पाणी कमी पितोस, खडा असेल, खडा तिथेही कळा मारतो. घरी येऊन त्याने फोनवर शोधलं, तर तिथे याहून लांब यादी: मार बसणं, नळीला सूज, गालगुंडाचा उपद्रव, शिरा फुगणं, आतडं उतरणं, गाठ, पीळ. अशा यादीत माणूस आपल्याला परवडेल ते निवडतो. त्याने बसून काम करणं निवडलं आणि खुर्चीवर उशी घेतली. दुसऱ्यांदा कळ आली तेव्हा बर्फ लावला. तिसऱ्यांदा घड्याळ लावून पाहिलं, पंचावन्न मिनिटं. अनोळखी माणसासमोर पँट उतरवायची लाज होती, हे तर आहेच. पण लाजेच्या मागे एक विचार होता, आणि तो विचारच आता त्याला जाळत होता. एक कुरकुरतंय तर कुरकुरू दे, दुसरं आहे, देवाने उगाच दोन दिलेली नाहीत. अगदी याच शब्दांत तो मनाशी म्हणाला होता. गेल्या वर्षापासून त्यांना मूल हवं होतं, तरीही म्हणाला होता. चार महिने ज्याच्या जिवावर तो निर्धास्त राहिला, ते सिलिकॉनचं निघालं.

बायको मात्र पहिल्या दिवसापासून मागे लागली होती. बायको बस स्थानकावर घोषणा करते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली किती उशिरा येणार, हे रोज हजारो लोकांना खणखणीत आवाजात सांगते. घरात तिचा आवाज लहान होतो. त्याने पहिल्यांदा दुखल्याचं सांगितलं तेव्हा तिने विचारलं होतं, कुठल्या बाजूला? उजव्या, तो म्हणाला. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि उद्याच्या उद्या डॉक्टर, म्हणाली. दुसऱ्या वेळीही आधी तेच, कुठल्या बाजूला, आणि मग दोन दिवस धुसफूस. तिसऱ्या खेपेला तिच्या टुमण्याला वैतागून, काहीतरी वेगळं म्हणायचं म्हणून, तो डावीकडे म्हणाला. आणि तिने सुस्कारा सोडला. चांगला ऐकू येईल असा. डावीकडे होय, मग काही नाही, होईल बरं, असं म्हणून ती केस विंचरायला लागली. त्याला तेव्हा लागलं होतं. नवऱ्याचं दुखणं एका बाजूचं दुसऱ्या बाजूला गेलं की काळजी संपते, ही कुठली माया, असं मनात आलं होतं. मग विसरला. आता कठड्याला धरून उभं असताना ते सगळं आठवायला लागलं, आणि आठवण पुरी व्हायच्या आत त्याने ती बाजूला सारली. काही गोष्टी माणूस आपणहून उशिरा समजून घेतो.

सर्जनच्या दाराबाहेर लाकडी बाक होता. त्यावर बसल्यावर त्याला बाबा आठवले. बाबा शाळेत व्यायामशिक्षक होते, गळ्यात शिट्टी, खांदे मागे, आणि दोन वर्षांपूर्वी गेले तेही मैदानावरून घरी येताना. तो बारा वर्षांचा असताना एका सकाळी बूट घालायला वाकला आणि खालून कुणीतरी ओलं फडकं पिळावं तसं झालं. तो उंबऱ्यातच ओकला. आईला म्हणाला पोटात दुखतंय, कारण पोट हा शब्द घरात चालायचा. बाबांना खरं सांगितलं. बाबांनी दार लावून पाहिलं आणि हसले. चेंडू लागला असेल, म्हणाले, मैदानावर रोज कुणाला तरी लागतो, हजार पोरं पाहिलीत मी, पोरं किंचाळतात आणि दुसऱ्या दिवशी पळायला लागतात. चेंडू लागल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण बाबा म्हणतात म्हणजे लागला असणार. पहिला दिवस गरम पाण्याच्या पिशवीत गेला. दुसऱ्या दिवशी दुखणं कमी झालं, तर बाबा आईला म्हणाले, बघ, सांगितलं नव्हतं? तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि तिथली कातडी काळीनिळी झाली, तेव्हा बाबांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. उचलून, बारा वर्षांच्या घोड्याला, आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्याने चाचपून पाहिलं तर डावीकडे काही लागेना. बाबा उशाशी बसले होते. वर चढलंय, ते म्हणाले. आतल्या आत वर चढलंय, मोठा होशील तसं खाली येईल. तीन वर्षं तो वाट बघत होता. आंघोळ करताना, पोहायच्या तासाला कपडे बदलताना भिंतीकडे तोंड करून, रोज बघायचा, आज उतरलं का. पंधराव्या वर्षी बाबा म्हणाले, आपणहून उतरत नाही, डॉक्टर खाली आणतील, छोटंसं काम आहे. आणि आणलं. तो काय हरखला होता. त्या चार दिवसांत बाबांनी रजा काढली, फळं चिरून भरवली, नर्सबाईंच्या चालण्याच्या नकला केल्या, शर्यतींतल्या स्वतःच्या फजित्या सांगितल्या. आलं बघ जागेवर, आता पळायला मोकळा, असं म्हणून पाठीवर थाप मारली. सबंध बालपणातले बाबांसोबतचे सगळ्यात चांगले दिवस कुठले असं कुणी विचारलं असतं, तर त्याने हेच चार सांगितले असते. बाकावर बसून तो ते दिवस एकेक करून उलटेपालटे करून बघत होता, आणि प्रत्येकाच्या खाली तेच गुळगुळीत काळं, आत काही नसलेलं दिसत होतं. त्याला बाबांचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग कुठे ठेवायचा हे काही त्याला कळेना.

सर्जन साठीचे, बुटके, बोटांच्या पेरांवर मोजत बोलणारे. तरुण माणसाला तिथे दुखण्याची दहा कारणं असतात, म्हणाले, त्यातली आठ आपण गोळ्यांवर भागवतो. हे त्यांतलं नाही. त्यांनी हात लावून पाहिलं, रिपोर्ट वाचला, जुनं काय झालं ते विचारलं. त्याने सांगितलं: बारावं वर्ष, दोन दिवस गरम पाण्याची पिशवी, तिसऱ्या दिवशी दवाखाना. सर्जननी चष्मा काढला. तेव्हाच गेलं ते, म्हणाले, दोन दिवसांनी काय वाचणार. काढलं असणार आणि पुढे नकली बसवलं. ज्याला एका बाजूला पीळ पडतो त्याला दुसऱ्या बाजूलाही पडू शकतो, म्हणून तेव्हाच तिकडे टाके घालून ठेवतात. घातले नसतील, किंवा विरघळले असतील. मग पेन उघडत सहज म्हणाले, "उजवीकडे जरा जरी दुखलं तरी धावत यायचं, हे तर तुम्हाला सांगितलेलंच असेल."

"मला नाही सांगितलं."

"घरच्यांना सांगितलं असेल. असं लिहूनच देतात." त्यांनी घड्याळ पाहिलं. बाराला टेबल मोकळं होतंय, बाराला घेऊ. कमरेखाली बधिर करू, पीळ असला तर सोडवू, टाके घालून पक्कं करू. आत काळं पडलेलं सापडलं तर काढावं लागेल, आणि तसं झालं तर मूल होणार नाही, आयुष्यभर औषधं घ्यावी लागतील, हे स्वच्छ सांगतो. घरचं कुणीतरी बोलावून घ्या.

बाहेर येऊन त्याने बायकोला फोन लावला. तिकडे गाड्यांची घरघर, कुणीतरी सुट्टीच्या अर्जाबद्दल विचारत होतं. त्याने जेवढ्यास तेवढं सांगितलं: दवाखान्यात आहे, सोनोग्राफी झाली, पीळ पडतोय म्हणतात, बाराला ऑपरेशन. सिलिकॉनचा विषय त्याने काढलाच नव्हता. ते समोर बसवून, हात हातात घेऊन सांगायचं ठरवलं होतं, तिला धक्का बसेल म्हणून. पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला, गोंगाट बंद झाला. मग ती म्हणाली, "पण तू तर डावीकडे म्हणाला होतास."

त्याने फोन कानाला तसाच धरून ठेवला. समोर भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं चित्र होतं, त्यातली हातांची सगळी बोटं नीट पाचच्या पाच होती. तुला माहीत होतं, तो म्हणाला. तिने नाही म्हटलं नाही. आईंना घेऊन येते, म्हणाली, आणि फोन ठेवला. जिन्यातली बाजूला सारलेली आठवण आता आपणहून आली आणि त्याच्या शेजारी बाकावर बसली. कुठल्या बाजूला, कुठल्या बाजूला. तीन वर्षांचा संसार. अंधारात त्याच्या अंगावरून फिरलेला तिचा हात, तो हात तिथे थांबला की किंचित हलका व्हायचा, आणि तो त्याला नाजूकपणा समजायचा, मनातल्या मनात मिरवायचा, आपल्याला अशी बायको मिळाली म्हणून. त्या हाताला माहीत होतं. त्याला स्वतःला माहीत नसलेलं त्याच्या अंगातलं काहीतरी त्या हाताला माहीत होतं. बाबांचं समजत होतं; बाबांनी चूक केली होती आणि ती झाकली होती. पण हिचं काय झाकायचं होतं? केसाने गळा कापणं म्हणजे काय हे त्याने पुस्तकात वाचलं होतं. ते इतकं मऊ असतं हे ठाऊक नव्हतं.

दोघी अर्ध्या तासात आल्या. आईच्या हातात पिशवी, त्यात टॉवेल, कंगवा, त्याचा जुना सदरा. आई कुठल्याही संकटात आधी पिशवी भरते. बायको मागे राहिली, दाराच्या चौकटीपाशी. आईने त्याच्या कपाळाला हात लावला आणि ताप नाही, म्हणाली. तो म्हणाला, बस. आणि मग त्याने विचारायला सुरुवात केली, हळू आवाजात, कारण पलीकडे एक म्हातारे गृहस्थ आपल्या क्ष-किरणांचं पाकीट मांडीवर घेऊन बसले होते. आईने काही लपवलं नाही, हीच तर कमाल. विचारलं तसं सगळं सांगत गेली. हो, काढलं होतं. हो, नंतर बसवलं. हो, उजवीकडे दुखलं तर लगेच आणा असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यांचा कागद अजून कपाटात आहे. बाबांनी शपथ घातली होती. पोराला कळलं की मी दोन दिवस घरी ठेवलं होतं म्हणून गेलं, तर तो जन्मात माझं तोंड बघणार नाही, असं म्हणाले होते, रडले होते. आईने त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

"आणि बाबा गेल्यावर?"

"आधी तू लहान होतास," आई म्हणाली. "मग परीक्षा होत्या. मग नोकरी, मग लग्न. मग बाबा गेले. मधे अशी वेळच आली नाही रे."

"हिला सांगायला बरी वेळ आली."

आईने मान वर केली, आणि त्या चेहऱ्यावर लाज नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. "परक्याची मुलगी," ती म्हणाली. "तिला अंधारात ठेवून घरात आणायचं? माझ्या मनाला ते पटेना. लग्न ठरायच्या आधी मी स्वतः जाऊन तिला बाजूला घेऊन सांगितलं. म्हटलं, असं असं आहे, मूल व्हायला अडचण नाही असं डॉक्टर म्हणतात, पण तुला माहीत असलेलं बरं. चालत नसेल तर आत्ताच सांग. ती चालेल म्हणाली. मग म्हटलं, त्याला माहीत नाही, त्याच्यापाशी बोलू नकोस, आणि उजवीकडे कधी दुखलं तर सांभाळ."

म्हणजे असा सगळा सचोटीचा कारभार होता. बाबा आईशी खरं बोलले, आई सुनेशी खरं बोलली, सून सासूला दिलेल्या शब्दाला जागली. कुणी कुणाला फसवलं नाही. घरात सगळ्यांनी सगळ्यांशी प्रामाणिक राहायचं ठरवलं होतं, आणि तो तेवढा त्यात मोजायचा राहून गेला होता. त्याच्याच शरीराबद्दलची सूचना आईने दुसऱ्याच बाईच्या हवाली केली, घर सोपवताना कुठला नळ गळतो ते सांगतात तशी. त्याला ओरडावंसं वाटलं, पण म्हातारे गृहस्थ बघत होते. त्याने बायकोकडे पाहिलं. ती रडत नव्हती. तिचे ओठ काहीतरी म्हणायचा सराव करत असल्यासारखे हलत होते. शेवटी ती जवळ येऊन म्हणाली, "मी रोज सांगणार होते. रोज ठरवायचे. तू डावीकडे म्हणालास तेव्हा वाटलं, आता नाही सांगितलं तरी चालेल."

हे एवढं एक वाक्य मात्र त्याला आतपर्यंत कळलं, आणि कळलं म्हणूनच त्याचा राग वाढला. एक वाक्य बोलली असतीस तर चार महिन्यांपूर्वी इथे आलो असतो, असं त्याला म्हणायचं होतं. मला एकच आहे, हे तीन शब्द. ते मला सोडून सगळ्यांपाशी होते.

संमतीचा कागद घेऊन सर्जन स्वतः बाहेर आले. त्याने सही केली. खाली नातेवाइकाच्या सहीची जागा होती, तिथे बायकोने केली. सर्जन म्हणाले, एक विचारायचं राहिलं, काढावंच लागलं तर त्या जागी दुसरं बसवायचं का, तसं आत्ताच ठरवलेलं बरं. आई लगेच म्हणाली, बसवा, बसवा. "नको," तो म्हणाला. "गेलं तर रिकामं राहू दे. मला कळू दे गेलंय म्हणून." मग त्याने सर्जनना बाजूला घेतलं. आत जे काय सापडेल ते आधी मला सांगायचं, म्हणाला, आणि बाहेर कुणालाही सांगायचं नाही, बायकोला नाही, आईला नाही. सर्जन म्हणाले, अहो, असं नसतं, बाहेर जीव टांगणीला लागलेला असतो. तो म्हणाला, माझं वय सत्तावीस आहे. सर्जननी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, दोघींकडे पाहिलं, आणि बरं म्हणाले.

पाठीत सुई गेली, पाय आधी गरम झाले, मग दुसऱ्याचे झाले. छातीशी हिरवा पडदा लावला होता, त्यामुळे स्वतःचं अर्धं अंग त्याला दिसत नव्हतं. पडद्यापलीकडे चिमट्यांचा आवाज, कुणाच्या तरी पोटदुखीच्या गप्पा, मग गप्पा थांबल्या. पीळ आहे, सर्जन म्हणाले, पूर्ण एक. रंग काय, दुसऱ्या कुणीतरी विचारलं. काळपट. सोडवतो, कोमट पाण्याची पट्टी द्या, दहा मिनिटं थांबू. ती दहा मिनिटं तो छतावरच्या दिव्यांकडे बघत होता. बाबांवर चिडायचं ठरवलं होतं, पण जमेना. बारा वर्षांच्या घोड्याला उचलून पळणारा, तोंडातून शब्द न फुटणारा माणूस डोळ्यांसमोरून हलेना. त्या दिवशी त्यांनाही कुणीतरी अशी दहा मिनिटं थांबायला सांगितलं असेल. आपल्याला दुखत नाहीये आणि तरी आपलं तिथे काय होतंय, हे कुणी येऊन सांगेपर्यंत आपल्याला कळणार नाही, याची त्याला भीती वाटत होती. सगळं आयुष्य असंच गेलं की काय, पडद्याच्या अलीकडे. मग पडद्यावरून सर्जनचा चष्मा वर आला. "आला रंग," ते म्हणाले. "गुलाबी आहे. ठेवतोय. तीन टाके घालतो, आता पुन्हा पिळणार नाही." त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांत गेलं. सगळ्यांच्या आधी त्याला कळलं होतं.

वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. चारच्या सुमाराला पाय पुन्हा त्याचे व्हायला लागले, अंगठ्यापासून वर, आणि त्यांच्या मागोमाग दुखणं आलं. चारला भेटायची वेळ सुरू झाली. एका वेळी एकालाच सोडत होते. आईने सुनेला पुढे पाठवलं. ती खाटेशी येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला, केस विस्कटलेले, कामाच्या गणवेशातच होती अजून. डॉक्टर काही सांगत नाहीत, ती म्हणाली, त्यांनाच विचारा म्हणतात. मग थोडं वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "काय झालं? सांग ना."

सांगायला एक शब्द पुरला असता. वाचलं. तो तोंडापर्यंत आलाही होता. त्याने तो तिथेच धरून ठेवला, आणि धरल्यावर त्याच्या लक्षात आलं की यात अवघड काहीच नाही. त्याला वाटायचं, या माणसांनी इतकी वर्षं मनावर केवढं ओझं वाहिलं असेल. कसलं काय. गप्प बसायला काही करावंच लागत नाही. जरा सावरू दे, आई बाहेर आहे, आत्ता दुखतंय, कारणं तर रांग लावून उभी असतात. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो हात त्याने झिडकारला नाही आणि धरलाही नाही. ती पुन्हा विचारेल म्हणून तो थांबला, पण तिने विचारलं नाही; स्टूल ओढून खाली बसली, पदर नसलेल्या गणवेशाची कड बोटांनी चुरगळत, बघत राहिली त्याच्याकडे. त्याच्या गप्प बसण्यातून तिने काय ते समजून घेतलं होतं, चुकीचं समजून घेतलं होतं, आणि आता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न करता.

भेटायची वेळ सहापर्यंत होती. तिच्याकडे तीन वर्षं होती. त्याने सहापर्यंतची वेळ घेतली. तिच्याकडे बघितलं तर तोंडून निघून जाईल, म्हणून तो कूस बदलून भिंतीकडे वळला. वळताना टाके ओढले गेले आणि दुखलं. उजवीकडे दुखलं, आतून, चांगलं जिवंत दुखलं. तेही त्याने कुणाला सांगितलं नाही.